जोधपूर सहल : रॉक पार्कची सकाळ कुणी काढली?

जोशीकाका (ए-४०२): नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सहलीचा नवा कार्यक्रम आत्ता पाहिला. दुसऱ्या दिवशीची राव जोधा डेझर्ट रॉक पार्कची सकाळ कुठे गेली? तिथे आता "खरेदी - ३ तास" दिसतंय. मीटिंगमध्ये असं ठरलं नव्हतं.

सावंत (सेक्रेटरी): काका, बऱ्याच जणांचं मत घेऊनच बदल केलाय. दगड बघायला कोण येणार? बाकी रक्कम रविवारपर्यंत भरावी ही विनंती 🙏

जोशीकाका: मत कधी घेतलं? लिफ्टमध्ये?

देसाईकाकू (बी-१०३): पायऱ्या किती आहेत तिथे? माझ्या गुडघ्यांचा कुणी विचार करणार आहे का?

मेघना (सी-२०१): सावंतदादा, नुसते दगड नाहीत हो. मी आणि लेक ऑगस्टमध्ये जाऊन आलो. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे. सिंघोरिया पोल या जुन्या दरवाज्यातून खाली उतरलं की हाथी नहर लागते. पावसाचं पाणी तळ्याकडे वळवायला जुन्या काळी हातांनी खडक फोडून केलेली घळ. दोन्ही बाजूंना तांबूस भिंती, त्यावर छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. बाहेर ऊन असलं तरी आत सावली. आम्ही बोलायचं थांबलो तेव्हा कुठे वेडे राघू दिसले, तारेवर नाही, थोराच्या टोकावर बसलेले.

पाटील (बी-३०४): थोर म्हणजे निवडुंगच ना?

मेघना: दिसतो तसा, पण नाही. मोडला की पांढरा चीक येतो. पावसाळ्यात पानं असतात, नंतर गळतात. डिसेंबरमध्ये नुसते काटेरी खांब दिसतील.

कदम (ए-१०१): काटेच बघायचे तर पार्किंगमधलं कुंपण आहे की 😄

जोशीकाका: कदम, विषय बदलू नका. तुमची गाडी अजून माझ्या जागेत आहे.

कदम: काका, पाहुणे आले होते. दहा मिनिटं.

सावंत: कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. बाकी रक्कम रविवारपर्यंत.

देसाईकाकू: पायऱ्या किती? दुसऱ्यांदा विचारतेय.

जोशीकाका: त्या टेकडीचा खडक जवळपास ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटींचा. आणि २००६ साली काम सुरू झालं तेव्हा तिथे वेड्या बाभळीचं रान होतं.

पाटील: वेडी बाभूळ? आमच्या सोलापूरकडे ओढे खाल्लेत तिने. तोडली की दुप्पट फुटते. काढली कशी?

जोशीकाका: तेच तर! पार्क उभारणारे निसर्गअभ्यासक प्रदीप कृशन यांनी खाणीत काम करणारे खांडवालिया बोलावले. ते हातोडी मारून खडकाचा आवाज ऐकतात आणि कुठे फुटेल ते ओळखतात. मुळापर्यंत खणून एकेक बाभूळ उपटली. त्याच खड्ड्यांत कुमट, केर अशी तिथलीच झाडं लावली. २०११ ला पार्क उघडलं. असं काम पायी चालून बघायचं सोडून आपण चादरी घेणार?

शिंदेवहिनी (सी-४०३): चादरींना नावं ठेवू नका काका. वर्षातून एकदा बाहेर पडतो आम्ही.

जोशीकाका: वहिनी, तुम्हाला बोललो नाही. मागच्या वर्षी कासला बस ४० मिनिटं थांबली आणि ढाब्यावर दोन तास. ते मी अजून विसरलो नाही.

शिंदेवहिनी: ढाब्यावर तुम्हीच दोनदा चहा घेतलात.

मेघना: खरेदी संध्याकाळी होईल ना! पार्क सकाळीच हवं. ऊन चढलं की पक्षी, खारी सगळे दडतात. फक्त स्पीकर नको, आणि खारींना वेफर्स टाकायचे नाहीत. कासला कुणी काय केलं ते माहीत आहे.

कदम: एकदाच टाकले होते.

सावंत: ठीक आहे. सकाळी पार्क, खरेदी ५ नंतर. आता परत बदल नाही. बाकी रक्कम रविवारपर्यंत 🙏

जोशीकाका: आभारी आहे. मनापासून.

मेघना: देसाईकाकू, घळीत उतरायला पायऱ्या आहेत आणि वाट खडबडीत आहे. चप्पल नको, बूट घाला. मी हात धरते. नाहीच जमलं तर वर माहिती केंद्राजवळ बसा, देशी रोपांची नर्सरी बघत.

देसाईकाकू: बूट आहेत माझ्याकडे. पण किती पायऱ्या ते अजून कुणी सांगितलं नाही.