जुन्या गावाचा नकाशा मिळालाय, थोरल्यांनी जरा बघावा

सोनू: सगळ्यांना नमस्कार 🙏 उजनी धरणात गेलेल्या आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल भूमी अभिलेखमधून मिळाली. कागद मोठा आहे, म्हणून चार तुकड्यांत फोटो टाकतोय. आप्पा, आत्या, तात्या, तुम्ही खास बघा.

तात्या: नक्कल कशापायी काढली? जमीन कधीची पाण्याखाली गेली. आता कुणाचा बांध कोरायचाय?

सोनू: बांध नाही हो तात्या 😄 पोरं विचारतात गाव कुठं होतं, आणि आपण पाण्याकडं हात करतो.

आप्पा: शुभ सकाळ सर्वांना 🌹

दादा: मला नुसते आकडे आणि रेघा दिसतायत.

सोनू: आकडे म्हणजे सर्व्हे नंबर. अखंड रेघ ही त्या नंबराची हद्द. दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, एकच तुटक रेघ म्हणजे पायवाट. गोल खूण विहिरीची.
आणि एक गोष्ट आपल्यापैकी कुणी कधी सांगितली नाही. ही जी मोजणीची पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली, ती सुरू झाली आपल्या इंदापूर तालुक्यातून. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी, साल 1836. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबानं शेतसारा इतका चढा लावला होता की लोक शेतं टाकून निघून गेले. मग या दोघांनी मातीचा रंग, खोली बघून जमिनीची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवली आणि सारा 30 वर्षांसाठी बांधून दिला. मोजायची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. आज पुण्यात प्लॉट घेताना आपण तोच गुंठा बोलतो.

दादा: भारी. हे शाळेत असतं तर इतिहासात पास झालो असतो.

वहिनी: गावठाणाच्या जागी तर मोकळा तुकडा आहे. वाडा कुठंय आपला?

सोनू: तो नाहीच वहिनी. मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. काळीतनं, म्हणजे शेतजमिनीतनं, सारा यायचा, म्हणून काळीचा बांध न् बांध मोजला. पांढरीला, म्हणजे गावठाणाला, नुसती कड मारून सोडून दिली. देऊळ, वेस, वाडे, आळ्या, महारवाडा, काहीच नाही. ते आता आत्यानं भरायचं.

मोठी आत्या: (नात टाइप करतेय) आजी म्हणते, फोटो 3 मध्ये नदीकडं जाणारी एकेरी रेघ आहे ती धुण्याची वाट. ती सरळ नव्हती. मध्ये चिंचेला वळसा घालून जायची, कारण तिथं ओघळ होती आणि पावसाळ्यात पाय सरकायचा. वेशीतनं बाहेर पडलं की डाव्या हाताला मारुती, त्याच्या पुढं सुताराचा कट्टा.

सोनू: आत्या!! रेघेला तिथंच बाक आहे. मला वाटलं कागदाची घडी पडलीय. लाल गोल करून टाकतो, बघ.

मोठी आत्या: व्हय, तीच. (हे आजी स्वतः बोलली)

दादा: पण हे आजच्या गूगलवर कसं बसवणार? खाली तर सगळं पाणी.

सोनू: न हललेल्या जागा धरायच्या. एका इंचाला एक मैल अशा मापाच्या जुन्या नकाशावर डिकसळच्या पुलावरून रेल्वे जाते. रूळ धरणामुळं हलले, पूल राहिला, अगदी परवापर्यंत त्यावरून मोटारगाड्या जायच्या. तो एक खुंटा. दुसरा पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, पाणी उतरलं की शिखर वर येतं. तिसरा नदीपल्याडच्या टेकडीचा माथा. तीन ठिकाणं जुळली की बाकीचा कागद ताणून बसतो. गूगल अर्थवर घड्याळाच्या चित्रावर दाबलं की मागच्या वर्षांचे फोटो मिळतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, त्या मे-जूनचा स्वच्छ फोटो असेल तर पायेसुद्धा दिसतील.

वहिनी: उणे टक्के म्हणजे? रिकाम्याच्याही खाली?

सोनू: 117 टीएमसीतलं जवळपास 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, धरतात. टक्के वरच्या 54 टीएमसीचे मोजतात, ते संपून मृतसाठा उतरायला लागला की उणे. आपलं गाव त्या वरच्यात होतं की खालच्यात, हे नकाशा बसला की कळेल.

तात्या: नकाशात चूक आहे. आपल्या नंबरात दोन विहिरी होत्या. यात एकच गोल.

सोनू: दुसरी कधी पाडली तात्या?

तात्या: 72 च्या दुष्काळात. मी सुरुंगाची भोकं पाडलीत, 40 फुटाला पाणी लागलं. म्हणजे नकाशा त्याच्या आधीचा.

दादा: तात्या पुरातत्त्व खात्यात 😂

तात्या: हसू नकोस. पहिलीचा गोलही जरा पूर्वेला पडलाय. मोट पश्चिम बांधाला होती.

सोनू: मग फोटोवर बोटानं खूण करून पाठवा. आप्पांनी आळ्या सांगायच्या, आत्यानं वाटा, तुम्ही विहिरी आणि बांध. मी एकाच कागदावर चढवतो. पण दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहिणार, भांडायचं नाही.

आप्पा: सुताराचा कट्टा मारुतीच्या पुढं नव्हता. मागं होता.

मोठी आत्या: आजी म्हणते आप्पा तेव्हा पाळण्यात होता.

तात्या: सोन्या, परत जाशील तेव्हा आकारबंदाची, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याच्या नोंदीची, पण नक्कल काढ. एकरं किती होती ते एकदा कागदावर बघायचंय. फी मी देतो.