ज्यू अभ्यास विषयातील पदवी: ठाण्यातून सुरुवात कशी करावी?

चेंदणीकर (ठाणे पश्चिम) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावीची परीक्षा देत आहे आणि पदवीसाठी ‘ज्यू अभ्यास’ हाच विषय घ्यायचा असे तिने मनाशी ठरवले आहे. आम्ही ज्यू नाही. मात्र आमच्या घराची तिसरी पिढी ठाण्यात वाढते आहे, आणि टेंभी नाक्यावरचे १८७९ साली बांधलेले ‘शाआर हाशामायिम’ हे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) तिच्या शाळेच्या वाटेवरच होते. शेजारच्या बेने इस्राएल (कोकणातील मराठी बोलणारे ज्यू) कुटुंबातून लग्नकार्याच्या आधी मलिद्याचे ताट आमच्याकडे येत असे. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांनी भरलेले ते ताट घरात आले की तिचे प्रश्न सुरू होत: हे काका आपल्यासारखेच मराठी बोलतात, मग प्रार्थना कोणत्या भाषेत करतात, ती भाषा त्यांना कोणी शिकवली आणि शनिवारी ते घरात विस्तव का पेटवत नाहीत? लहानपणी ही उत्सुकता स्वाभाविक वाटली. परंतु आता ती ग्रंथालयातून या विषयावरची पुस्तके आणून रात्री उशिरापर्यंत वाचत बसते आणि त्यातून टिपणे काढते, तेव्हा हा नुसता छंद नाही, हे आम्हांला मान्य करावे लागले आहे.

ज्या करिअर मार्गदर्शकाकडे आम्ही गेलो, त्यांनी ‘हे धर्मशिक्षण आहे, तुमच्या मुलीला तिथे प्रवेशच मिळणार नाही’ असे सांगून पाच मिनिटांत विषय संपवला. मुलगी तिथून रडत घरी आली. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. या पदवीत नेमके काय शिकवतात? ज्यू नसलेल्या विद्यार्थ्याला ती घेता येते काय? बारावीनंतर लगेच परदेशी पाठवावे, की इथे बीए करून मग पाठवावे? इस्राएलमधील युद्धाच्या बातम्यांमुळे तिची आई धास्तावलेली आहे, हेही सांगून ठेवतो. आणि बाप म्हणून विचारणे भाग आहे, की पुढे पोटापाण्याचे काय?

वाशीकर यांचे उत्तर

मी नवी मुंबईत अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवला असून आता निवृत्त आहे. आपल्या मुलीला मिळालेला सल्ला चुकीचा होता, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. वेदपाठशाळा आणि विद्यापीठातील संस्कृत विभाग यांत जो फरक आहे, तोच येशिवा, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळा, आणि ज्यू अभ्यास विभाग यांत आहे. येशिवामध्ये श्रद्धावान विद्यार्थी आपल्या परंपरेचे पालन करण्यासाठी तालमूद हा ज्यू धर्मनियमांचा आणि त्यांवरील चर्चांचा ग्रंथ शिकतो. विद्यापीठात तोच ग्रंथ कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत रचला आणि त्याचे पाठभेद कोणते, याचा शोध घेतला जातो, आणि तो घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नाही.

या विषयाचा जन्मच त्या आग्रहातून झाला. १८१९ साली बर्लिनमध्ये काही तरुण ज्यू अभ्यासकांनी एक मंडळ स्थापन केले. लिओपोल्ड त्सुन्त्स हे त्यांतले प्रमुख. आपल्या ग्रंथांना इतिहासाच्या आणि भाषाशास्त्राच्या त्याच कसोट्या लावाव्यात, ज्या ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांना लावल्या जातात, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मन विद्यापीठांनी त्यांच्या हयातीत या विषयाला अध्यासन दिले नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाची ज्यू अभ्यास संस्था १९२४ साली, म्हणजे विद्यापीठाच्या औपचारिक उद्घाटनाच्या एक वर्ष आधी, सुरू झाली. आणि १९३० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सालो बॅरन यांच्याकडे ज्यू इतिहासाचे अध्यासन आले. आज लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, ऑक्सफर्ड, अमेरिकेतील ब्रँडाइस, जर्मनीतील हायडेलबर्ग आणि पोट्सडाम अशा अनेक ठिकाणी हा विषय पदवीच्या पातळीवर शिकता येतो.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे ग्रंथ. हिब्रू बायबल, मग इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही नियमसंहिता, त्यानंतर बहुतांशी अरामी भाषेत असलेले बाबिलोनी तालमूद, मध्ययुगीन तत्त्वज्ञान आणि काव्य, युरोपातील हक्कांचे लढे, नाझींनी केलेले ज्यूंचे हत्याकांड, इस्राएल राष्ट्राची निर्मिती, असा तीन हजार वर्षांचा पल्ला असतो. तालमुदाचे छापील पान एकदा मुलीला अवश्य दाखवा. मध्यभागी मूळ संहिता, एका अंगाला अकराव्या शतकातील राशी या भाष्यकारांची टीका, दुसऱ्या अंगाला त्यांच्या शिष्यपरंपरेने घातलेली भर. आपल्याकडे मूळ श्लोकाभोवती टीका लिहिलेल्या पोथ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ते पान परके वाटत नाही.

मला स्वतःला या विषयाची गोडी कैरोच्या गेनिझामुळे, म्हणजे जुने कागद ठेवण्याच्या कोठीमुळे, लागली. देवाचे नाव असलेला कागद फेकून द्यायचा नाही, या रिवाजामुळे जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठीत शतकानुशतके कागद साचत गेले. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतला फार मोठा भाग केंब्रिजला नेला, तेव्हा त्या ढिगाऱ्यात धर्मग्रंथांबरोबर हिशेब, करारमदार आणि खासगी पत्रेही निघाली. बाराव्या शतकात मंगळूरला अनेक वर्षे राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार त्यांत आहे. भाषा अरबी आणि लिपी हिब्रू. इतिहासकार श. दो. गोइताइन यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे अशा पत्रांवर घालवली. मिरी, सुपारी, पितळेची भांडी, जहाजांचे उशीर यांविषयी लिहिणारा तो माणूस आपल्याच किनाऱ्यावर वावरत होता, हे वर्गात सांगताना मला प्रत्येक वेळी भरून येत असे.

माझा सल्ला असा, की तिने इथेच इतिहास घेऊन बीए करावे, संशोधनाची पद्धत पक्की करावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जावे. पदवीच्या पातळीवर परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या कमी असतात. पदव्युत्तर पातळीवर संधी वाढतात. जर्मनीत शिकायचे तर पदवीचे अध्यापन मुख्यतः जर्मनमधून होते, ही अट आधीच ध्यानात घ्यावी.

ऐरोलीकर यांचे उत्तर

काका, मी वाशीकर सरांनी सांगितलेल्या मार्गानेच गेले, म्हणून त्यातली एक अडचण सांगते. मुंबईत इतिहासात बीए केले, मग परदेशी या विषयात एमएला प्रवेश घेतला आणि हिब्रूचे पहिले अक्षर तिथे गेल्यावर गिरवले. वर्गातील इतर मुले ग्रंथातील एका वाक्याच्या अर्थावर वाद घालत, तेव्हा मी क्रियापद ओळखण्यातच अडकलेली असे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातले पहिले वर्ष माझे त्यातच गेले. त्यामुळे बीए इथे करावे हे मला मान्य आहे, पण हिब्रू मात्र पुढे ढकलू नये. ती प्रथम वर्षापासून, शक्य असल्यास बारावीचा निकाल लागण्याआधीच सुरू करावी.

लिपीला घाबरण्याचे कारण नाही. बावीस अक्षरे आहेत, उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि रोज तास-दीड तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हाताला वळण लागते. खरी कसोटी पुढे असते, कारण नेहमीच्या छपाईत स्वरचिन्हे नसतात आणि शब्द कसा उच्चारायचा, हे व्याकरण येत असल्याशिवाय कळत नाही. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होतात आणि तो धातू सात प्रकारच्या साच्यांतून फिरतो. ज्याने शाळेत संस्कृतचे धातू आणि गण पाठ केले आहेत, त्याची अर्धी भीती तिथेच जाते. शिवाय या भाषाकुळाची ओळख आपल्याला अरबीकडून आधीच झालेली असते. ‘किताब’, ‘मक्तब’ हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याचेच हिब्रू भावंड ‘कातव’, म्हणजे ‘त्याने लिहिले’. आणि ‘सलाम’चे ‘शालोम’. बायबलची हिब्रू आणि आजची बोलण्यातली हिब्रू यांत अंतर आहे, तरी मी बोलीपासून सुरुवात करायला सांगेन, कारण कानावर पडलेली भाषा लवकर रुजते.

काकूंच्या भीतीबद्दल सांगायचे, तर हा विषय शिकण्यासाठी इस्राएललाच गेले पाहिजे असे नाही. सरांनी दिलेल्या नावांपैकी बहुतेक विद्यापीठे अन्य देशांतली आहेत. आणि बारावीनंतर लगेच पाठवायचेच ठरले, तर अमेरिकेचा विचार करावा. तिथे पदवी चार वर्षांची असते आणि मुख्य विषय पहिल्याच दिवशी ठरवावा लागत नाही, त्यामुळे मन बदलले तरी वर्ष फुकट जात नाही. खर्च मात्र फार मोठा आहे, शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नये.

पोटापाण्याविषयी खरे तेच लिहिते. या पदवीच्या नावाने भारतात नोकरीची जाहिरात निघत नाही. पण हिब्रूसारखी भाषा, जुनी कागदपत्रे वाचण्याचा सराव आणि नेटके लेखन, या तीन गोष्टी हाती असलेल्या माणसाला अभिलेखागार, संग्रहालय, ग्रंथालय, अनुवाद आणि अध्यापन या ठिकाणी काम मिळते. मी सध्या अनुवादावर घर चालवते. श्रीमंती नाही, पण ओढाताणही नाही.

पनवेलकर यांचे उत्तर

मी बेने इस्राएल समाजातला आहे. पनवेलला आमचे ‘बेथ एल’ सिनेगॉग आहे. आमची आजी त्याला मशीदच म्हणत असे. आपल्या कन्येविषयी वाचले आणि दोन दिवस मनातून ते जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

वर उल्लेखलेल्या सर्व विद्यापीठांत जे शिकवतात त्याविषयी मला आदर आहे, परंतु आपल्या मुलीजवळ तिथल्या विद्यार्थ्यांकडे नसलेली एक गोष्ट आजच आहे, आणि ती म्हणजे मराठी. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे आमच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर ही आमची आडनावे गावांवरूनच पडली. सणांना हिब्रू नावे आहेतच, पण आमच्या घरांत नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण अशी नावे चालत. योम किप्पूरच्या उपवासाला दारे लावून घेण्यावरून दारफळणी म्हणणारी, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळल्यानंतर वालाचे बिरडे खाणारी ही माणसे समजून घ्यायची, तर हिब्रू आणि कोकण दोन्ही ठाऊक हवेत.

याचे लेखी साहित्यही मोठे आहे. मुंबईतील मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून १८३२ साली छापले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची हिब्रू पुस्तके मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाला घरी वाचायची हगादा ही पोथी हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो तेल अवीवला छापून यायला १९३७ साल उजाडले. याशिवाय आमची कीर्तने आहेत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साक्या, दिंड्या आणि ओव्यांत रचून, आपल्या हरिदासी कीर्तनाच्या थाटात सांगितली जात.

आजीच्या हातची अशा पदांची एक वही माझ्याकडे आहे. माझी मुले इस्राएलला स्थायिक झाली. नातवंडे उत्तम हिब्रू वाचतात, पण त्या वहीतले एक अक्षर त्यांना लागत नाही. मला मराठी लागते, पण पदांमध्ये मधूनच येणाऱ्या हिब्रू शब्दांपैकी अर्ध्यांचे अर्थ मी सांगू शकत नाही. आजी गेली तेव्हा विचारायचे राहून गेले. अशा वह्या कोकणातल्या आणि ठाण्या-मुंबईतल्या कितीतरी कपाटांत असतील, आणि घरे रिकामी होतात तेव्हा त्या रद्दीत जातात. दोन्ही भाषा वाचणारी मुलगी या वह्यांना मिळाली, तर ती कोणत्या धर्माची आहे हे आम्ही कशाला विचारू?

सिनेगॉगमध्ये यायचे असल्यास आधी कळवून यावे आणि शनिवारी छायाचित्रे काढू नयेत, एवढेच पाळावे. लवकर यावे, अशी मात्र विनंती आहे.

चेंदणीकर

आपणा तिघांचे आभार कसे मानावेत, कळत नाही. तिन्ही उत्तरे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. ठाण्यातच इतिहास घेऊन बीए करावे आणि हिब्रू या महिन्यापासून सुरू करावी, यावर तिची आणि तिच्या आईची सहमती झाली आहे. १८९३ पासून आपल्या गावात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बेने इस्राएलांविषयी काय मिळते, हे पाहायला ती उद्याच जाणार आहे. पनवेलकर साहेब, ती विचारते आहे की आजींची वही पाहायला आम्ही केव्हा यावे? तिला ती आधी हाताने उतरवून घ्यायची आहे.

पनवेलकर

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता या. वहीचे कागद फार जीर्ण झाले आहेत, तेव्हा उतरवायचे काम माझ्या घरीच बसून करावे लागेल. ती येईल त्या प्रत्येक रविवारी मी शेजारी बसून वाचून दाखवीन. मजकूर मोडीत आहे, बाळबोधीत नाही, हे तिला आधी सांगून ठेवा.