मदत हवी आहे: छोटी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल, कोणती घेऊ?

उनाड७९
नमस्कार मंडळी, अमेरिकेतून. लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे. काउबॉय सिनेमात खालचा दांडा ओढून गोळी भरतात, तसली. छोटी. निव्वळ टाइमपास नेमबाजी: डबे, कागद, लोखंडी पाट्या. शिकार अजिबात नाही. आम्ही दोघं अधूनमधून वीकेंडला जाणार. हेन्री, मार्लिन, रॉसी, विंचेस्टर ही नावं व्हिडिओ बघून बघून पाठ झालीत, पण तिथे जो तो स्वतःकडे आहे तीच भारी म्हणतो. दुकानातला सेल रविवारी संपतोय. प्लीज एकच नाव सांगा. लेक्चर नको.

लाकूडतोड्या
रॉसी आर९२, १६ इंची नळी, .३५७ (काडतुसाचं माप). विषय संपला.

जर्सीचा_जोशी
विषय संपला कसा? सुरूच झालेला नाही. दुकानात जाण्याआधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागतं. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या दोन माणसांचे संदर्भ, आणि २०२२ च्या कायद्यानंतर सेफ्टी ट्रेनिंगचा दाखलाही. रविवारचा सेल विसरा. शिवाय गाडीतून नेताना रायफल रिकामी हवी आणि बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत हवी. होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, गोळ्यांचे नियम तर आणखी वेगळे, ते सविस्तर लिहितो.

उनाड७९
जोशीसाहेब, मी न्यू जर्सीत राहतो असं कुठे लिहिलंय? फ्रिस्कोला आहे.

जर्सीचा_जोशी
सॅन फ्रान्सिस्को? मग तर अवघडच! कॅलिफोर्नियात मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे.

उनाड७९
फ्रिस्को, टेक्सास. डॅलसच्या वर.

मामी_शिकागो
आणि जोशी, कॅलिफोर्नियाच्या दहा गोळ्यांच्या नियमातून लिव्हर अ‍ॅक्शनची ट्यूब मॅगझिन, म्हणजे गोळ्या साठवायची नळी, वगळलेली आहे. तुमच्या जर्सीचा नियमही सेमी-ऑटोमॅटिकला, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या बंदुकीला, लागू आहे, लिव्हरला नाही. उगाच घाबरवू नका माणसाला.

उनाड, चार गोष्टी सांगा म्हणजे नीट उत्तर मिळेल. बजेट किती? आधी कधी रायफल चालवली आहे का? चष्मा आहे का? आणि "आम्ही दोघं" म्हणजे कोण?

रानवेडा
.३०-३० घे रे. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६. १८९५ पासून अमेरिकेत हरणं त्याच काडतुसावर पडताहेत. बाकी सगळी खेळणी.

मामी_शिकागो
त्यांनी पहिल्याच परिच्छेदात शिकार नाही म्हटलंय.

रानवेडा
आज नाही. दोन वर्षांनी करतील. तेव्हा परत दुसरी घ्यायची का?

लाकूडतोड्या
.३०-३० ची एक गोळी सव्वा-दीड डॉलरला पडते. डबे उडवायला? दर शनिवारी शंभर गोळ्या उडवल्या तर बायको घरात घेणार नाही.

उनाड७९
बजेट हजारच्या आत, फार तर अकराशे. आधी एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर इनडोअर रेंजवर गेलो होतो, भाड्याची .२२ चालवली, मजा आली. चष्मा आहे, वय ४६. पण चष्म्याचा काय संबंध?

मामी_शिकागो
चष्म्याचाच तर संबंध आहे. चाळिशीनंतर नळीच्या टोकावरची माशी (नेमाचा खुंट) आणि लांबचा कागद एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. आज ना उद्या तुम्ही रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी काच) किंवा लहान स्कोप (दुर्बीण) बसवणार. रॉसी ९२ ही विंचेस्टर १८९२ ची नक्कल आहे, मूळ डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. तिची रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच) सरळ वर उडते, त्यामुळे डोक्यावर स्कोप बसवायला जागाच नाही. काही तरी कसरत करून नळीवर पुढे बसवावा लागतो. मार्लिन आणि हेन्रीची पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते, वरचा भाग सपाट आणि बंद असतो, स्कोपसाठी भोकं पाडून दिलेली असतात.

लाकूडतोड्या
पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळची भोकाची चकती, लावा की मामी. मी पन्नाशीत आहे, पीपच्या भोकातून बघितलं की माशी आपोआप स्पष्ट दिसते. आणि वजन बघा: १६ इंची रॉसी पाच पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन किलो. पितळी हेन्री बिग बॉय साडेआठ पौंडांच्या वर. चार किलोचा हंडा उचलून तासभर नेम धरायचाय का त्यांना?

मामी_शिकागो
जड रायफल कमी लाथ मारते. आणि हेन्रीत स्टीलचं हलकं मॉडेलही आहे, पितळीच घ्या असं कोण म्हणतंय?

अण्णा_ह्यूस्टन
उनाड, मी बरीच वर्षं काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग करतो, म्हणजे जुन्या काउबॉय धर्तीच्या बंदुकांच्या स्पर्धा. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीचा मेंबर आहे. तुम्ही .३५७ घ्या आणि त्यात .३८ स्पेशल हे आखूड काडतूस वापरा, हे माझं स्पष्ट मत. .३५७ च्या रायफलीत .३८ चालते, उलटं मात्र कधीच नाही. रायफलीच्या नळीतून .३८ चा आवाज पिस्तुलापेक्षा पुष्कळ कमी आणि खांद्याला जेमतेम टिचकी. साधारण पस्तीस-चाळीस सेंटला एक. दोन बारीक गोष्टी दुकानदार सांगणार नाही. एक, .३८ ची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची आखूड गोळी, बऱ्याच लिव्हर रायफलींत अडकते; गोलसर किंवा थोडं सपाट टोक असलेली घ्या. दोन, .३८ ची पुंगळी आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) पुढे काजळीची कडी साठते. मग .३५७ नीट बसत नाही. ब्रश मारत जा.

रानवेडा
त्यापेक्षा सरळ .२२ का नाही घेत? आठ-दहा सेंटला गोळी.

लाकूडतोड्या
आत्ता तर .३०-३० म्हणत होतास!

रानवेडा
दोन्ही घे म्हणतोय.

कोल्हापुरी_रांगडा
भावांनो, नेमबाजी म्हणताय आणि कोल्हापूरचं नाव नाही? तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायची) वर्ल्ड चॅम्पियन झाली. पिस्तूलवाली राही सरनोबत आमचीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. ती खरी रायफल. हे लिव्हर बिव्हर म्हणजे सिनेमातलं खूळ.

उनाड७९
अभिमान आहेच हो. पण मला ऑलिम्पिकला जायचं नाहीये.

शांताराम२
मुळात बंदूक घ्यायचीच कशाला, हा प्रश्न कुणालाच पडला नाही? त्या देशात रोज काय चाललंय ते वाचत नाही का?

मामी_शिकागो
शांतारामराव, रास्त प्रश्न आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन बोलेन. इथे नको.

उनाड, चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. "आम्ही दोघं" कोण?

उनाड७९
मी आणि माझे साडू. अर्धे-अर्धे पैसे घालतोय, म्हणून तर बजेट अकराशेपर्यंत गेलं. माझं ग्रीनकार्ड झालंय, ते अजून एच-१बीवर आहेत. रायफल माझ्या नावावर घेऊ, ठेवायची त्यांच्याकडे कारण त्यांच्याकडे मोठं गराज आहे. आता तरी नाव सांगा!

मामी_शिकागो
थांबा. दुकानात पाऊल टाकू नका.

एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. फेडरल कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या घेणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. त्यातला नेहमीच्या माणसाला लागू पडणारा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. तो साडूंकडे आहे का? नसेल तर त्यांच्या गराजमध्ये रायफल ठेवणं म्हणजे त्यांच्या ग्रीनकार्डवर पाणी सोडणं. टेक्सासचे कायदे ढिले आहेत म्हणून फेडरल कायदा ढिला होत नाही.

दुसरं, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून देता, त्यात तुम्हीच खरे खरेदीदार आहात का असा प्रश्न असतो. अर्धे पैसे दुसऱ्याचे, रायफल राहणार दुसऱ्याकडे, आणि सही तुमची. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि त्यात तुम्हीही अडकता.

उनाड७९
अरे देवा. पण त्या रेंजवर ऑफिसच्या लोकांसोबत साडूही आले होते, कुणी काही विचारलं नाही.

मामी_शिकागो
काउंटरवरच्या पोराने विचारलं नाही म्हणून कायदा बदलत नाही. रेंजवर हातात घेणंसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं. शिकारीचा परवाना काढायला फार अवघड नाही. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. साडूंना त्यांच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकायला सांगा. माझ्या शब्दावर जाऊ नका, या धाग्यावरच्या कुणाच्याच नको.

जर्सीचा_जोशी
हेच मी पहिल्यापासून सांगत होतो, कायदा आधी बघा.

लाकूडतोड्या
तुम्ही जर्सीचं कार्ड सांगत होता.

उनाड७९
बोललो साडूंशी. थोडे नाराज झाले पण समजले. वकिलाशी बोलेपर्यंत ते फक्त बघायला येणार. रायफल माझी, पैसे माझे, तिजोरी माझ्या घरी. बजेट मात्र आता आठशे. आणि एक विचारायचं राहिलं: आखूड हवी म्हणून १२-१४ इंचांची नळी मिळते का? किंवा कापून घेता येते का?

अण्णा_ह्यूस्टन
कापायचं नाव काढू नका! रायफलीची नळी १६ इंचांच्या खाली किंवा एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येते, आधी केंद्राची मंजुरी लागते. दुकानात बारा इंची "मेअर्स लेग" दिसेल, ती पिस्तूल म्हणून विकतात. तिला खांद्याचा दस्ता नसतो, नेम धरायला कुचकामी. १६ इंची घ्या, गाडीत सहज मावते. २० इंचीत ट्यूबमध्ये दोन गोळ्या जास्त बसतात आणि माशी दूर असल्याने नेम जरा सोपा जातो, एवढाच फरक.

रानवेडा
आठशेत मार्लिन १८९४ मिळणार नाही. रूगरने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतल्यापासून माल चांगला येतोय पण किंमत हजाराच्या वर. जुनी घ्यायची तर रेमिंग्टनकडे जायच्या आधीची, म्हणजे २००७ च्या आधीची बघ.

लाकूडतोड्या
म्हणजे फिरून रॉसी. मी काय म्हणालो होतो?

मामी_शिकागो
किंवा हेन्रीची साधी .२२, एच००१. सव्वापाच पौंड, ट्यूबमध्ये पंधरा गोळ्या, निम्म्या बजेटात येते, उरलेल्यात हजारो गोळ्या आणि एक बरी तिजोरी. वर स्कोपसाठी खाचा आहेत. माणूस नवखा आहे, चष्मेवाला आहे, डबे उडवायचेत. याला .३५७ कशाला?

अण्णा_ह्यूस्टन
कारण लोखंडी पाटीवर .३८ चा जो "टण्ण" येतो तो .२२ ला येत नाही, मामी.

मामी_शिकागो
हे मात्र खरं.

उनाड७९
रॉसीची ट्यूब भरताना अंगठा सोलतो असं वाचलं, खरं का?

लाकूडतोड्या
नव्या रायफलीत बाजूचं दार कडक असतं. युक्ती सांगतो: काडतूस पूर्ण आत ढकलू नका. शेवटची कडा दारात अडकवून ठेवा, म्हणजे दार मिटत नाही. पुढच्या काडतुसाच्या टोकाने आधीचं आत सारा. फक्त शेवटचं अंगठ्याने. आणि लिव्हर अर्धवट ओढू नका. पूर्ण खाली, पूर्ण वर, जोरात. हळूहळू नाजूकपणे ओढणाऱ्यांच्याच रायफली अडकतात. ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकलेलं असतं, म्हणून टोकदार गोळी कधीही भरू नका.

कोल्हापुरी_रांगडा
भारतात यातलं काय मिळंल का? आमच्याकडं .१७७ ची एअर रायफल २० ज्यूलच्या आत असली तर लायसन लागत नाही, ती आहे माझ्याकडं. पण हे टण्ण टण्ण ऐकून जीव तळमळायला लागला.

मामी_शिकागो
इथून नेण्याचा विचारसुद्धा करू नका.

उनाड७९
ठरलं. हेन्री .२२ घेतोय या वीकेंडला. .३५७ दिवाळीनंतर, डोळे तपासून. मित्राच्या रानात मारणार आहोत, मागे मातीचा उंच बांध आहे.

अण्णा_ह्यूस्टन
बांध नीट बघा, .२२ ची गोळीही दीड मैलापर्यंत जाऊ शकते. आणि .३५७ घेतलीत की आमच्या क्लबात या. टोपी-बूट लागतात, प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं.

कोल्हापुरी_रांगडा
अण्णा, "मिसळ किड" चाललं का?

अण्णा_ह्यूस्टन
आधी कुणी नोंदवलेलं नसेल तर चालेल. एकाचं नाव दुसऱ्याला देत नाहीत.

जर्सीचा_जोशी
होलो पॉइंटचं लिहायचं राहिलं होतं, तर...