कास्कारोनेस: अंडं कच्चंच घ्या
कास्कारोनेस, म्हणजे डोक्यावर फोडायची रंगीत अंडी, करताना अंडी आधी उकडायची का? नाही. लेंटच्या (ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या) आधी कार्निव्हलमध्ये मेक्सिकोतली मुलं एकमेकांच्या डोक्यावर फोडतात ते नुसतं कवच असतं, आत कागदाचे रंगीत कपटे. कच्च्या अंड्याच्या टोकाला दीड-दोन सेंटीमीटरचं भोक पाडून आतलं काढून घ्या, कवच साबणाच्या गरम पाण्याने धुवा, भोक खाली करून पूर्ण वाळवा. सगळा घोळ इथेच होतो: आतला पापुद्रा ओला राहिला तर वास येतो, कपट्यांचा गोळा होतो. रंगवून झाल्यावर अर्ध्यापर्यंतच भरा. ठासून भरलेलं नीट फुटत नाही, डोक्याला लागतं. भोकावर पतंगाचा कागद खळीने चिकटवा. चमकी मात्र अजिबात नको, डोळ्यांत जाते. आणि आपटायचं नाही, डोक्यावर धरून मुठीत चुरडायचं.