मदत हवी आहे: सर्व्हर बदलल्यावर मराठी नोंदींचा कचरा झाला, काहींची नुसती प्रश्नचिन्हं

निवृत्त_गणित

नमस्कार मंडळी,

मी निवृत्त गणित शिक्षक. आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळतो, म्हणजे ती बंद पडली की लोक मला फोन करतात. २०१३ साली पुतण्याने पीएचपी (पानं बनवणारी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस) यांत करून दिली होती. तो आता परदेशात, त्याची रात्र ती माझी सकाळ. मी वाचून वाचून जेवढं शिकलो तेवढंच येतं, तेव्हा सांभाळून घ्या. मोबाईलवरून लिहितोय आणि कळफलक मराठीच आहे, म्हणून आज्ञाही देवनागरीत.

गेल्या महिन्यात होस्टिंगवाल्यांनी जुना सर्व्हर बंद करून आम्हाला नव्यावर हलवलं. पीएचपी ५.६ वरून थेट ८.१, आणि मायएसक्यूएल ८. साइट उघडेचना, कारण कोडमध्ये सगळीकडे मायएसक्यूएल_कनेक्ट, म्हणजे डेटाबेसशी जोडणारी जुनी आज्ञा, जी नव्या पीएचपीत चालत नाही. एका माजी विद्यार्थ्याने ते बदलून मायएसक्यूएलआय_कनेक्ट केलं. साइट उघडली, पण:

जुनी साधारण ४,३०० पुस्तकं आहेत, त्यांची नावं वाचताच येत नाहीत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पायांचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, की पुन्हा तोच ए. हलवल्यानंतर भरलेली ११२ पुस्तकं मात्र वेगळीच, तिथे नुसती ????? ??? दिसतात.

इंटरनेटवर वाचून परवा फक्त सभासद टेबलावर 'ऑल्टर टेबल सभासद कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४' चालवलं. जुनी नावं होती तशीच कचरा. पण कालपासून भरलेली नावं चक्क मराठीत दिसतात!

आणखी एक. जुन्या सर्व्हरवरही पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेसच्या नोंदी थेट बघायचं पान) कचराच दिसायचा, साइटवर मात्र स्वच्छ मराठी. तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पुस्तके टेबलापुढे 'लॅटिन१_स्वीडिश_सीआय' असं लिहिलंय. आमच्या गावात स्वीडिश कुणालाच येत नाही.

जाता जाता: लॉगिनच्या फाइलमध्ये नोटपॅडने एक ओळ घातली तेव्हापासून 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतंय. तेही सांगा.

खटपट्या

सर, वर्डप्रेसवर घ्या सगळं. कशाला डोकेदुखी.

रात्रपाळी

वर्डप्रेसखालीही मायएसक्यूएलच असतं हो, रोग तिथेही सोबत जाईल.

सर, कनेक्ट केल्यावर लगेच पुढच्या ओळीत मायएसक्यूएलआय_सेट_कॅरसेट घाला आणि त्यात 'लॅटिन१' लिहा. जुनी पुस्तकं दिसायला लागतील.

अर्धा_र

थांबा, थांबा. रात्रपाळी म्हणतात त्याने आज रात्री साइट दिसेल हे खरं, पण सरांचं सभासद टेबल आता वेगळ्या अवस्थेत आहे. काल भरलेल्या ज्या नावांचा सरांना आनंद झालाय, ती तशाने प्रश्नचिन्हं होऊन दिसतील.

सर, तुम्ही पीएचपीमायॲडमिनबद्दल सहज म्हणून लिहिलंत, निदान त्यातच आहे. जुन्या सर्व्हरवर टेबल लॅटिन१ (पश्चिम युरोपीय अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) आणि पीएचपीची जोडणीही लॅटिन१. ब्राउझर मराठी यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींना चालणारी पद्धत) पाठवायचा, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा ३ बाइटांची. मायएसक्यूएलला वाटायचं ही तीन युरोपीय अक्षरं आहेत. तशीच ठेवायचा, तशीच परत द्यायचा, ब्राउझर पुन्हा मराठी करून दाखवायचा. आत जाताना एक चूक, बाहेर येताना दुसरी, आणि दोघी एकमेकींना झाकत दहा वर्षं सुखाने नांदल्या. पीएचपीमायॲडमिन यूटीएफ-८ ने जोडतं, त्यामुळे फक्त ते खरं बोलत होतं.

पीएचपी जोडणीची लिपी स्वतःहून ठरवत नाही, तुम्ही सांगितली नाही तर सर्व्हरची घेतं. जुन्या मायएसक्यूएलची मूळ सेटिंग लॅटिन१, आणि कंपनी स्वीडनची म्हणून वर्णक्रमही स्वीडिश. ८ पासून ती यूटीएफ८एमबी४, म्हणजे मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८, झाली. झाकणारी एक चूक गेली, दुसरी उघडी पडली.

आता कचरा आणि प्रश्नचिन्हं हे दोन वेगळे आजार आहेत. काहीही चालवण्याआधी 'सिलेक्ट नाव, हेक्स(नाव) फ्रॉम पुस्तके' करून बघा; हेक्स म्हणजे साठवलेले बाइट जसेच्या तसे, सोळाच्या पायातल्या आकड्यांत. 'म' ने सुरू होणाऱ्या जुन्या पुस्तकात सुरुवातीला 'ई० ए४ एई' दिसेल. म्हणजे बाइट शाबूत, नुसती पाटी (ते कुठल्या पद्धतीने वाचायचे ते सांगणारी) चुकीची. नव्या ११२ मध्ये '३एफ ३एफ ३एफ' दिसेल. ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. लॅटिन१ रकान्यात बसेना म्हणून मायएसक्यूएलने अक्षर टाकून दिलं. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर एरर १३६६ देऊन नोंद नाकारली असती, तुमच्याकडे तो बंद दिसतोय. ती ११२ नावं टेबलातून परत येणार नाहीत.

हेक्स काय येतं ते आधी टाका इथे.

निवृत्त_गणित

पुस्तके: तुम्ही म्हणालात तस्संच, दोन्ही. सभासद टेबलात मात्र जुन्या नावांचं हेक्स लांबलचक आहे, 'सी३ ए० सी२ ए४' असं सुरू होतं. नव्या नावांचं 'ई० ए४'.

अर्धा_र

झकास. आधी दोन्ही टेबलांची प्रत काढा. मग 'सेट सेशन एसक्यूएल_मोड = स्ट्रिक्ट_ऑल_टेबल्स', म्हणजे चुकलं तर गुपचूप न कापता ओरडेल. हे आणि पुढच्या आज्ञा एकाच खिडकीत, एकामागोमाग.

पुस्तके टेबलासाठी पाटी बदलायची, पण मायएसक्यूएलला भाषांतर करू द्यायचं नाही. म्हणून मधे एक मुक्काम: 'ऑल्टर टेबल पुस्तके मॉडिफाय नाव व्हारबायनरी(२५५)', मग 'ऑल्टर टेबल पुस्तके मॉडिफाय नाव व्हारकॅर(२५५) कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४'. बायनरीला लिपीच नसते, त्यामुळे बाइटांना कुणी हात लावत नाही. लेखक, प्रकाशक, प्रत्येक मराठी रकान्याला हेच.

सभासद टेबलात तुमच्या परवाच्या आज्ञेने त्या तीन युरोपीय अक्षरांचं इमानेइतबारे यूटीएफ-८ केलं. दुहेरी गाठ बसली, पण सुटते: 'अपडेट सभासद सेट नाव = कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४) व्हेअर हेक्स(नाव) लाइक 'सी३ए०सी२ए४%''. व्हेअर विसरलात तर कालची चांगली नावंही लॅटिन१ मधून जातील आणि प्रश्नचिन्हं होतील.

आणि शेवटी मायएसक्यूएलआय_सेट_कॅरसेट मध्ये 'यूटीएफ८एमबी४'. नुसतं 'यूटीएफ८' नको. मायएसक्यूएलमध्ये ते तीन बाइटांवर थांबतं. मराठीला पुरेल, पण कुणी अभिप्रायात इमोजी टाकली की अडेल, तिला चार लागतात.

डबा_ऐसपैस

हे पायथनने बाहेर काढून दुरुस्त करणं सोपं नाही का? सीपी१२५२ मध्ये एन्कोड, यूटीएफ-८ मध्ये डीकोड, झालं.

अर्धा_र

मी एकदा करून हात पोळून घेतलेत. सीपी१२५२ मध्ये, म्हणजे लॅटिन१ च्या विंडोजवाल्या भावंडात, पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे जोडाक्षर असलेला प्रत्येक शब्द अडतो, आणि 'चुका सोडून दे' म्हटलं तर 'पुस्तक' मधला उकारही जातो आणि जोडही. मायएसक्यूएलच्या लॅटिन१ ने त्या पाच जागा भरून घेतल्यात, म्हणून हे काम आतच करायचं.

रात्रपाळी

हे माहीत नव्हतं. माझा वरचा सल्ला मागे घेतो. सर, हेडर्सचं मी सांगतो: नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घातलेत, 'ईएफ बीबी बीएफ', त्याला बॉम म्हणतात. पीएचपी सुरू होण्याआधीच ते ब्राउझरकडे निघतात, मग कुकी आणि रीडायरेक्ट कुठून जाणार. नोटपॅड++ मध्ये उघडून 'यूटीएफ-८, बॉमशिवाय' असं सेव्ह करा. गंमत म्हणजे पुस्तकांची यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर तिथे हाच बॉम मुद्दाम घालावा लागतो.

निवृत्त_गणित

लॉगिन सुरू झालं! सभासद पूर्ण झाले.

पुस्तके टेबल बायनरी झालं, पण दुसऱ्या आज्ञेला १३६६ येऊन अडलंय. एका ओळीचा क्रमांक सांगतं. ते पुस्तक पाहिलं तर नाव भलं मोठं, उपशीर्षकासकट.

अर्धा_र

ही जुनीच जखम आहे. लॅटिन१ मध्ये २५५ म्हणजे २५५ बाइट, मराठीत फार तर ८५ अक्षरं-मात्रा. त्यापेक्षा लांब नाव पुतण्याच्या काळीच कापलं गेलं, आणि मधल्या स्पेस एकेक बाइटाच्या असल्याने सुरी अक्षराच्या पोटातून गेली. 'सिलेक्ट दाखल_क्रमांक, नाव फ्रॉम पुस्तके व्हेअर लेंग्थ(नाव) = २५५' करा. सगळी अशी पुस्तकं एकदम सापडतील. त्यांना तात्पुरतं इंग्रजीत काहीतरी नाव द्या, ऑल्टर चालवा, मग खरी नावं भरा.

निवृत्त_गणित

नऊ निघाली. सगळी 'समग्र' नाहीतर 'स्मृतिग्रंथ'. ऑल्टर झालं, साइटवर मराठी आली, आणि पीएचपीमायॲडमिनमध्येसुद्धा! पुतण्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याचं उत्तर: 'काका, तेव्हा मी सेकंड इयरला होतो.'

राहिली ती ११२. दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत होते म्हणून वाचले, त्यामुळे दाखल नोंदवहीशी ताळा लागतो. ग्रंथपाल बाई वाचून दाखवतात, मी टाइप करतो. काल ६० झाली. उरलेली सोमवारी, वाचनालय बंद असतं तेव्हा.