मदत हवी आहे: पंपाला लाइनचा ताण येतोय, फ्लँज जुळवायला पाईप नेमका कुठे कापावा?

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गाळप संपून ओव्हरहॉलिंग सुरू आहे आणि क्लिअर ज्यूसच्या (गाळून स्वच्छ केलेल्या उसाच्या रसाच्या) पंपाचं दुखणं याच ऑफ सीझनमध्ये मुळापासून काढायचं आहे.

एंड सक्शन पंप, १४५० आरपीएम, सक्शन ८ इंची, डिलिव्हरी ६ इंची. रस १०० अंशांच्या आसपास. हंगामभर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) गळत राहिला, कपलिंगचं (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाचं) रबर झिजत राहिलं. अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं) थंड पंपावर, लाइन जोडलेली ठेवूनच घ्यायची इथे रीत आहे. ती नीट जुळते, पण रस चालू झाला की पुन्हा तोच आवाज, तेच व्हायब्रेशन.

आता डिलिव्हरीचे बोल्ट सोडले तर लाइन झटक्यात बाजूला गेली. गॅस्केट ३ मिमीचा, पण दोन फ्लँजमधली (बोल्टने जोडायच्या पाईपच्या कडांमधली) फट वर ९ आणि खाली ६ मिमी. बोल्टची भोकं ४ मिमी बाजूला. कपलिंगवर डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून तेच बोल्ट पुन्हा आवळले, तर शाफ्ट आडवा ०.२२ मिमी सरकला. पंपच लाइनीला धरून उभा होता, हे तेव्हा कळलं.

फिटर मंडळींचं म्हणणं, चेनब्लॉक लावून ओढू, पहारीने भोकं जुळवू, आजवर असंच चाललंय. मला ते मान्य नाही. साहेब म्हणतात रबर बेलो (लवचिक जोड) टाका, विषय संपेल. मला लाइन कापून नव्याने जुळवायची आहे, पण कट पंपाजवळ घ्यावा की लांब? आणि थंड असताना अगदी बरोबर जुळवलं तरी गरम झाल्यावर लाइन ढकलणारच, त्याचं काय? पंपानंतर बेंड आहे, मग सुमारे ६ मीटर सरळ लाइन जाऊन हेडरला (मुख्य सामाईक पाईपला) मिळते.

प्रतिसाद

दादा, डायल लावून बघितलंत हे फार चांगलं केलंत. एपीआय ६८६ (मशीन बसवण्याचं मानक) नुसार फ्लँज आवळताना शाफ्ट ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. तुमचा चौपटीहून जास्त हलतोय. भोकांचा फरक १.५ मिमीच्या आत हवा आणि ६ इंची फ्लँजच्या दोन तोंडांतला फरक साधारण पाव मिलिमीटर. बी३१.३ (कारखान्यातल्या पाइपिंगचा कोड) मध्ये २०० मिमीला १ मिमी आणि भोकांना ३ मिमी चालतं, पण तो साध्या पाइपिंगचा हिशोब आहे. फिरणाऱ्या मशीनला तो लावू नका.

कट पंपापासून लांब घ्या, पहिल्या सपोर्टच्या पलीकडे, सरळ भागात. त्याआधी पंपाचं ग्राउटिंग (पायाखालचा भराव) आणि सॉफ्ट फूट (एखादा पाय नीट न टेकणं) तपासा, लाइन न जोडता मोटरशी अलाइनमेंट घ्या. मग पंपाच्या फ्लँजवर गॅस्केटसह पाईपचा फ्लँज चार बोल्टवर हलका धरा, पाईपचं वजन सपोर्टवर घ्या, कटच्या जागी जुळवून टाके मारा. टाके झाल्यावर बोल्ट सोडा, पंपाच्या तोंडावर पत्रा लावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. समोरासमोर आळीपाळीने पास मारा, नाहीतर वेल्ड आकसताना लाइन पुन्हा ओढेल. अर्थिंगचा क्लँप पाईपवर, वेल्डच्या अगदी शेजारी. पंपावर अजिबात नको, करंट बेअरिंगमधून जातो. शेवटी डायल ठेवूनच बोल्ट आवळा.

आणि सपोर्ट! ६ इंची शेड्यूल ४० पाईप पाण्याने भरला की मीटरला सुमारे ४७ किलो होतो. पहिला सपोर्ट नोझलजवळ (पंपाच्या तोंडाजवळ) नसेल तर हे सगळं वजन पंपाच्या मानेवर येतं.

प्रतिसाद

गरमीचा हिशोब सांगतो. ३० अंशांवरून १०० वर गेल्यावर ६ मीटर लोखंडी लाइन सुमारे ५ मिमी वाढते. पंपाकडे वाव नसेल तर ही वाढ नोझलवर येते, फ्लँज कितीही छान जुळवलेला असो. हेडरच्या बाजूला अँकर (लाइन पक्की धरलेली जागा) कुठे आहे ते बघा. वाढ बेंडच्या लवचिकतेत जिरली पाहिजे, त्यासाठी वाढीच्या दिशेला काटकोनात असलेला हात लांब हवा. चालू तापमानाला एकदा गरम अलाइनमेंट तपासाच.

बेलो टाकून विषय संपणार नाही. टाय रॉड (दोन टोकं बांधून ठेवणारे दांडे) नसलेल्या बेलोवर दाब लाइनीला आणि पंपाला एकमेकांपासून ढकलतो. ६ इंची बेलोला ४ किलो दाबावर ७०० किलोच्या वर जोर येतो. म्हणजे एक ताण काढून दुसरा लावल्यासारखं. शिवाय १०० अंशांच्या रसाला कुठलं रबर चालेल तेही बघावं लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कट लांब घेतोय, चेनब्लॉकचा विषय बंद. एक शंका राहिली: शेजारी स्टँडबाय पंप आहे, दोन्ही एकाच हेडरला. एक गरम आणि दुसरा थंड असताना काय होईल?

प्रतिसाद

तीच सगळ्यात वाईट अवस्था. हेडर गरम होऊन वाढतो, थंड पंपाची फांदी तशीच राहते आणि तिच्या नोझलला बाजूने जोर लागतो. पहिला चालू, दुसरा चालू, दोन्ही चालू, अशा तिन्ही अवस्थांचं कॅल्क्युलेशन करून घ्या आणि प्रत्येक नोझलवरचा जोर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. स्टँडबायच्या कपलिंगवर डायल ठेवून हेडर गरम होऊ द्या. तो किती हलतो ते इथे जरूर टाका, त्यावरून सपोर्ट कुठे हलवायचा ते सांगता येईल.