चुनखडीचं सिमेंट आणि कार्बन डायऑक्साइडचं क्युरिंग: वजनाचा हिशेब जुळत नाही

सांगलीकर, सध्या पेनसिल्व्हेनिया:
नमस्कार. मी इथे ब्लॉकच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. आता सगळं सिमेंट टाइप आयएल, म्हणजे चुनखडीची पूड मिसळलेलं येतं, आमच्यात चुनखडी १० टक्के. वाफेऐवजी बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडून क्युरिंग, म्हणजे ताजा ब्लॉक पक्का करणं, चालू केलंय. ब्लॉक पोकळ, सळई नाही, प्रत्येकात १.६ किलो सिमेंट. भट्टीच्या चाचणीचा रिपोर्ट म्हणतो, सिमेंटच्या ११ टक्के, म्हणजे १७६ ग्रॅम वायू मुरला. पण मी काट्यावर ठेवला तर ब्लॉक उलट ३० ग्रॅम हलका झालाय. ग्राहकाच्या कागदावर सही माझी जाणार. कुठला आकडा लिहू?

साइटवाला:
हलका होणारच. प्रक्रियेत उष्णता निघते, पाणी उडतं. भिंतींवर, फरशीवर साचलेलं पाणी टिपून मोजा आणि मिळवा.

लॅबवाली, ठाणे:
दादा, एवढ्यात सही करू नका. भट्टीत ५५० ते ९५० अंशांच्या दरम्यान वजन घटतं ते कार्बोनेट फुटून वायू सुटतो म्हणून. तो कार्बोनेट तुमच्या खोलीत तयार झाला की सिमेंटच्या गोणीतूनच आला, हे भट्टी सांगत नाही. १०० ग्रॅम चुनखडीत ४४ ग्रॅम वायू असतो. तुमच्या ब्लॉकमध्ये चुनखडी १६० ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम तिचेच. उरले १०६. खडी आणि कचही चुनखडीचीच असेल तर त्याहून कमी. एम.टेक.ला मी हीच चूक केली होती, तीन महिन्यांचे आकडे फुकट गेले. त्याच घाण्यातला, वायू न दिलेला एक ब्लॉक भट्टीत घाला आणि वजा करा.

सांगलीकर:
खडी चुनखडीचीच आहे! मालक तर म्हणतात, चुनखडी वाढवली की वायू जास्त मुरेल.

लॅबवाली, ठाणे:
नाही मुरणार. चुनखडी आधीच कार्बोनेट आहे, ती आणखी काय घेणार? वायू घेतात ती क्लिंकरमधली, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या मूळ भागातली, कॅल्शियम सिलिकेटं. चुनखडीची बारीक पूड नव्या कॅल्साइटला, म्हणजे वायूमुळे तयार होणाऱ्या कार्बोनेटला, बसायला जागा देते, तेवढा तिचा उपयोग. एक ब्लॉक फोडून फिनॉल्फ्थॅलीन मारा. वायू पोचला तिथे रंग येत नाही, नाही पोचला तिथे गुलाबी होतं.

सांगलीकर:
मारलं. कडेला अर्धं बोट करडं राहिलं, मधे लख्ख राणी कलर. साच्यातून काढून लगेच खोलीत ठेवतो आम्ही.

लॅबवाली, ठाणे:
तिथेच अडतंय. छिद्रं पाण्याने भरलेली असली की वायू हवेतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पट हळू आत शिरतो. आधी पंख्याखाली वाळवा, पण कोरडाठाक नको, कारण वायू विरघळायला थोडं पाणी लागतंच. बाहेर काढल्यावर पाणी मारा, उरलेल्या सिमेंटचं काम बाकी असतं. आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर बघितल्याशिवाय खोलीत कुणालाही पाठवू नका. हा वायू जड, खाली साचतो, वाकणाऱ्या माणसाला आधी गाठतो.

सांगलीकर:
ताई, १७६ खोडलं. बिनवायूचा ब्लॉक उद्या भट्टीत जातोय. मीटर आजच दाराशी लावला.